मागच्या शॉकवाचून अडत नाही

आमच्या भागातल्या सायकलवाल्यांत अलीकडे एक मत पक्कं होत चाललं आहे. सलग सात-आठ दिवसांच्या ऑफरोड शर्यतीला उतरायचं तर सायकल पुढेमागे शॉक असलेलीच हवी, फ्रेम कार्बनची हवी, मागे बारा चक्रांची नवी कॅसेट हवी. एवढं जमत नसेल तर नाव नोंदवून उगाच हाल करून घेऊ नयेत. मालवणात, कुडाळात, सावंतवाडीत रविवारी सकाळी सायकली चहाला टेकतात तिथे हे हमखास ऐकू येतं. पुण्या-मुंबईहून येणारे जाणते लोक ते अगदी आस्थेनं सांगतात. ऐकणारी आमची विशी-पंचविशीतली मुलं-मुली मनातल्या मनात हिशेब करतात, घरी कुणाला विचारायचीही सोय नाही हे त्यांना कळतं, आणि विषय तिथेच संपतो. अंगात दम असलेली, कातळावर वाढलेली मुलं केवळ या एका मतापायी शर्यतीच्या वाटेला जात नाहीत. म्हणून त्याचा जाहीर प्रतिवाद करायला हवा.

समोरच्यांची बाजू आधी मांडतो. ती काही पोकळ नाही. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये फ्रान्सचा ज्युलियन अब्सालोन हार्डटेलवर, म्हणजे फक्त पुढे शॉक आणि मागून ताठ असलेल्या सायकलवर जिंकला. चारच वर्षांनी लंडनला चेक प्रजासत्ताकाचा यारोस्लाव कुल्हावी फुल सस्पेन्शनवर, २९ इंची चाकांवर जिंकला आणि वारं फिरलं. दक्षिण आफ्रिकेतली केप एपिक ही या प्रकारातली सगळ्यांत नावाजलेली शर्यत २००४पासून होते. आठ दिवस, दोघांची जोडी, आणि जोडीदारांनी एकमेकांपासून दोन मिनिटांपेक्षा जास्त लांब जायचं नाही. तिथल्या आघाडीच्या जोड्या आज जवळजवळ झाडून सगळ्या फुल सस्पेन्शनवर असतात. ज्यांचं पोट यावर चालतं ते लोक उगाच मागचा शॉक वाहून नेणार नाहीत.

त्यांचा याहूनही वजनदार मुद्दा पुढे आहे. आघाडीचा गडी एक टप्पा चार-पाच तासांत उरकतो, मागचा माणूस त्याच टप्प्याला आठ-नऊ तास घेतो. म्हणजे खडकांचे दणके मागचा माणूसच जास्त वेळ खातो. मग शॉकची गरज कुणाला जास्त? पाठ, मनगटं आणि बैठक पाचव्या दिवशी बोलायला लागतात, आणि शर्यत सोडणाऱ्यांतले कितीतरी याच दुखण्यानं सोडतात. हे खरं आहे. ज्याच्याकडे पैसा आहे, मागचा शॉक उघडून बसवण्याचं ज्ञान किंवा माणूस आहे आणि वर्षभर त्याच सायकलवर सराव करायची सोय आहे, त्यानं खुशाल फुल सस्पेन्शन घ्यावी. माझा वाद त्याच्याशी नाही. माझा वाद ‘तीच हवी, नाहीतर जाऊ नका’ या अटीशी आहे.

त्या मागच्या माणसाचे आठ-नऊ तास जातात कुठे, ते बघू. अशा शर्यतीत दिवसाला दोन हजार मीटरच्या आसपास चढ येतो. साधारण तयारीचा माणूस तासाला चारशे-पाचशे मीटर उंची कमावतो, म्हणजे चढालाच चार-पाच तास गेले. तीच उंची उतरायला तास-दीड तास पुरतो. बाकीचा वेळ सपाट किंवा वरखाली वाट. मागच्या शॉकचा खरा लाभ होतो तो उतारावर, म्हणजे दिवसातल्या सगळ्यांत छोट्या तुकड्यात. चढावर तो बंद करून ठेवता यावा म्हणून कंपन्यांनीच हँडलवर खटका दिलेला असतो. खडबडीत चढावर मागचं चाक जमीन धरून राहतं हा फायदा आहेच, पण तो बराचसा रुंद टायरमध्ये कमी हवा ठेवूनही मिळतो. टायरकडे पुढे येतो.

मुख्य मुद्दा आधी. शर्यत आठ दिवसांची. सायकल मात्र उरलेलं वर्ष मालवणात राहते. सायकल निवडायची ती त्या वर्षाकडे बघून. आठ दिवस झेपणाऱ्या सायकली पुष्कळ आहेत, पण आठ महिने रोज बाहेर काढता येईल अशी सायकल खाऱ्या वाऱ्यात आणि जांभ्याच्या धुळीत शोधावी लागते. सराव सायकलवर होतो, आणि दुरुस्तीसाठी महिनाभर पुण्याला पडून राहिलेल्या सायकलवर तो होत नाही.

इथलं हवामान सल्ला देणाऱ्या लोकांनी पाहुणे म्हणून पाहिलेलं असतं, डिसेंबरात. आमच्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आंबोलीला तर त्याच्या दुपटीहून अधिक. ओलाव्यात मिसळलेली लाल माती दळलेल्या पिठीसारखी बारीक असते आणि रबरी सीलच्या कडेखाली सहज शिरते. त्यात किनाऱ्यावरचं मीठ. रात्री पुसून ठेवलेली चेन सकाळी तांबूस दिसणं हे मालवणात नवल नाही.

फुल सस्पेन्शनची मागची सांधेजोड पावसाळ्यानंतर उघडली की काय दिसतं ते सांगतो. बोल्ट सोडवताना पहिल्यांदा करकर आवाज येतो, कारण ॲल्युमिनियमच्या सांध्यात स्टीलचा बोल्ट आणि मधे खारट ओल, म्हणजे स्टीलच्या संगतीत ॲल्युमिनियम खाल्लं जातं. बोल्ट निघाला की बेअरिंगच्या सीलभोवती लाल चिखलाची बारीक रेघ दिसते. सील सुईनं उचललं की आतलं ग्रीस तपकिरी पाणी झालेलं असतं. आतली कडी बोटानं फिरवली तर अडखळत फिरते, आणि एखादी फिरतच नाही. ती काढायला पुलर लागतो, नाहीतर ठोकाठोकीत फ्रेमचं भोक खराब होतं. असे सांधे एका सायकलला चार-पाच, प्रत्येकात बहुधा दोन बेअरिंगं. वर नंबर नेहमीचाच असतो, कोल्हापूरच्या बेअरिंगच्या दुकानात त्या मापाचा माल मिळतोही. पण सायकलच्या सांध्याला पिंजरा नसलेलं, गोळ्यांनी ठासून भरलेलं बेअरिंग लागतं, कारण ते गरागरा फिरत नाही, थोडंसं मागेपुढे होतं आणि भार मोठा घेतं. साधं बसवलं तर दोन महिन्यांत पुन्हा तेच. आमचा मेकॅनिक, ज्याच्या हातात आयुष्यभराचं कसब आहे, असली सायकल एकदा फिरवून बघतो आणि म्हणतो, “सायकल बरी आसा रे, पण हेचा बेअरिंग हयसर गावाचा नाय.” त्याचं म्हणणं अचूक आहे.

हार्डटेललाही बेअरिंगं असतात, हबला, हेडसेटला, बॉटम ब्रॅकेटला. ती दोन्हींना सारखीच. पण मागचे सांधे आणि मागचा शॉक एवढं जास्तीचं काम हार्डटेलला नाही. शॉक आणि फोर्क बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या पुस्तिकेत पन्नास तासांनी छोटी सर्व्हिस आणि दोनशे तासांनी पूर्ण सर्व्हिस सांगितलेली असते. आठवड्याला दहा तास सायकल चालवणाऱ्याला पन्नास तास पाच आठवड्यांत भरतात. रोज सात तास धरले तर आठ दिवसांची शर्यतच छप्पन्न तासांची. पुढच्या फोर्कचं हे काम घरी शिकता येतं. तेल, सील, थोडी हत्यारं आणि एक दुपार लागते. मागच्या शॉकचं आतलं काम मात्र नायट्रोजनपर्यंत जातं, आणि त्यासाठी तो खोक्यात घालून मोठ्या शहरात पाठवावाच लागतो.

आमच्याकडे लांब पल्ल्याच्या सायकलिंगचे जे आदर्श आहेत ते रस्त्यावरचे आहेत, हेही ‘तीच हवी’ या मताचं एक मूळ आहे. २०१५ साली नाशिकचे हितेंद्र आणि महेंद्र महाजन हे डॉक्टर बंधू रेस ॲक्रॉस अमेरिका जोडीनं पूर्ण करून आले. नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ मध्ये तीच शर्यत एकट्यानं केली, पुढच्या वर्षी सैबेरियातली नऊ हजार किलोमीटरची टप्प्यांची शर्यतही पार केली. महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशीच ही कामगिरी. पण त्या शर्यतींत मागे गाडी असते, गाडीत माणसं असतात, दुसरी सायकल असते. सायकल नाजूक असली तरी चालतं, कारण बिघडली की दुसरी हातात येते. डोंगरातल्या टप्प्यांच्या शर्यतीत मागे गाडी नसते. बहुतेक ठिकाणी ठरवून दिलेल्या जागांखेरीज बाहेरची मदतच चालत नाही. जे मोडेल ते तिथेच, पाठीवरच्या पिशवीतल्या हत्यारांनी, थकलेल्या हातांनी उभं करायचं. रस्त्यावरच्या अनुभवातून आलेला सल्ला इथे जशाच्या तसा लागू होत नाही, आणि देणाऱ्यांनी तो तसा देऊ नये.

आपल्या देशात हा प्रकार रुजवला तो हिमाचलातल्या एमटीबी हिमालय या शर्यतीनं. २००५पासून शिमल्याच्या परिसरात ती भरू लागली, आणि तिच्या मार्गात जलोरी खिंडीसारखी ३,१२० मीटर उंचीची ठिकाणं येऊन गेली आहेत. तिथल्या वाटा म्हणजे बव्हंशी जंगलखात्याचे खडीचे रस्ते, बागांमधून जाणाऱ्या जीपवाटा, मधेच पायवाटेचा तुकडा. ऑलिंपिकच्या मार्गावर मुद्दाम रचलेल्या खडकाळ उड्या तिथे नसतात. अशा जमिनीवर चांगल्या हार्डटेलला उणेपणा नाही.

वजनाचा मुद्दा माझ्या बाजूचे लोक फार ताणतात. तो मी वापरणार नाही, कारण तो कच्चा आहे. त्याच किमतीत फुल सस्पेन्शन दीड-दोन किलो जड भरते हे खरं. पण सत्तर किलोचा माणूस, बारा किलोची सायकल, तीन किलोचं पाणी आणि सामान धरलं तर एकूण पंच्याऐंशी किलोत दोन किलो म्हणजे सव्वादोन-अडीच टक्के. शंभर मिनिटांच्या चढाला दोन-अडीच मिनिटांचा फरक. शर्यत जिंकणाऱ्याला ती मिनिटं मोलाची, पूर्ण करणाऱ्याला नाहीत. हार्डटेल घ्या असं मी म्हणतो ते ती हलकी आहे म्हणून नव्हे.

पाण्याचा मुद्दा मात्र ताणण्याजोगा आहे. लहान मापाच्या फुल सस्पेन्शन फ्रेममध्ये शॉकनं जागा खाल्लेली असते, आत बहुधा एकच बाटली मावते. हार्डटेलच्या त्रिकोणात दोन मावतात. उंचीनं लहान असणाऱ्यांना, म्हणजे आमच्याकडच्या बहुतेक मुलींना, आठ तासांच्या दिवशी हा फरक जाणवतो, कारण दुसरी बाटली मग पाठीवर येते आणि तिचा भार त्याच पाठीवर पडतो जी शॉकनं वाचवायची होती.

आता टायर. सायकलीत सगळ्यांत जास्त विचार इथे करायचा आणि सगळ्यांत कमी विचार इथेच होतो. २९ इंची चाक, २.३५ किंवा २.४ रुंदीचा टायर, ट्यूबलेस, आणि कुशीला जादा कापड असलेला. शेवटची अट इथल्या माणसानं सोडूच नये. जांभा नदीच्या गोट्यासारखा गुळगुळीत नसतो, त्याच्या भोकांच्या कडा धारदार असतात आणि त्या टायरच्या नक्षीला सोडून कूस कापतात. चिऱ्यांच्या खाणीकडे जाणाऱ्या वाटांवर तर कापलेले तुकडे पसरलेलेच असतात. वजन वाचवायला पातळ कुशीचा टायर घेणारे महिन्याभरात बदलतात. सत्तर किलोच्या माणसानं मागे बावीस-तेवीस, पुढे वीस-एकवीस पीएसआयपासून सुरुवात करावी आणि आपल्या वाटेवर पाव-अर्ध्या पौंडानं कमीजास्त करून बघावं. ट्यूब घालून याच दाबावर गेलात तर दगडाला चिमटून ट्यूब फुटते, म्हणून ट्यूबलेस. आतलं सीलंट आमच्या उकाड्यात लवकर सुकतं, दर दोन महिन्यांनी झडप उघडून बघावं.

यातली एक गोष्ट किनाऱ्यावरच्या माणसाला कुणी सांगत नाही. समुद्रसपाटीला २२ पीएसआय भरलेला टायर तीन हजार मीटरवर नेला तर तापमान तेच असल्यास दाब साधारण २६ दाखवतो, कारण बाहेरची हवा विरळ झालेली असते. थंडीनं त्यातला काही भाग उतरतो, सगळा नाही. मालवणात जमवलेला दाब डोळे मिटून तिथे वापरला तर टायर कडक होतो, सायकल उडायला लागते, आणि माणूस म्हणतो मागे शॉक हवा होता. त्याला हवा होता तो खिशात मावणारा दाबमापक.

गिअरबद्दलचा आग्रह तर आकड्यांपुढे टिकतच नाही. पुढे ३२ दाते आणि मागे ५१ असा नवा बारा चक्रांचा जोड घेतला तर सगळ्यांत हलका गिअर ०.६३ होतो, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचा पाऊण फेराही होत नाही. जुन्या पद्धतीच्या तीन चेनरिंगच्या सायकलीवर पुढे २२ आणि मागे ३४ धरा: ०.६५. पुढे ३० आणि मागे ४६ असलेल्या दहा चक्रांच्या जोडावर तेही ०.६५. जलोरीच्या चढावर हा फरक पायांना कळणार नाही. बारा चक्रांचा खरा फायदा म्हणजे पुढचा डिरेलर आणि त्याची तार गेली, चिखलात अडकायची एक जागा कमी झाली. तेवढं दहा चक्रांत आणि पुढे एका चेनरिंगमध्येही मिळतं, चेन आणि कॅसेट बरीच स्वस्त पडते. आमच्या धुळीत चेन लवकर ताणते, त्यामुळे हा खर्च वर्षाला एकदा तरी येणारच. पुढची चेनरिंग बत्तीसऐवजी तीस दात्यांची घ्या. सपाटीवर थोडा वेग जाईल, सहाव्या दिवशी गुडघे राहतील.

चेनला खोबरेल घालण्याची आपल्या घरांतली सवय मात्र मोडायला हवी. उन्हाळ्यात ते चिकट होऊन धूळ धरतं, आणि २४ अंशांच्या खाली गोठतं. हिमाचलातल्या पहाटे त्या चेनची काय अवस्था होईल ते वेगळं सांगायला नको.

ब्रेक हायड्रॉलिक डिस्कच हवेत, यात तडजोड नको. पॅड धातूमिश्रित घ्या. रेझिनचे पॅड आवाज कमी करतात, पण ओल्या वाळूच्या चिखलात एका लांब उतारावर निम्मे झिजतात. तेलाबाबत जाणकार एकतर्फी सांगतात की मिनरल ऑइलचे ब्रेक चांगले, कारण डॉट तेल हवेतला ओलावा ओढतं. कोकणाच्या दमटपणात ओढतंच, वर्षातून एकदा बदलावं लागतं. पण डॉट ४ तेल कुडाळ-कणकवलीच्या कोणत्याही मोटरसायकल गॅरेजात मिळतं आणि ते बदलायचं तंत्र तिथल्या पोराला येतं. मिनरल ऑइलची बाटली मागवून आधी घरात ठेवावी लागते. दोन्ही चालतील, आपल्याला काय सहज मिळतं ते पाहा.

आता दुसऱ्या टोकाच्या लोकांशी. ‘सायकल कुठलीही चालते, पायात दम हवा’ असं छातीठोक सांगणारे आमच्यात कमी नाहीत, आणि ते पहिल्यांइतकंच नुकसान करतात. दाखला देतात तो कॅलिफोर्नियातल्या तामालपैस डोंगरावरच्या पोरांचा, ज्यांनी १९७६पासून जुन्या फुगीर टायरच्या सायकली कच्च्या रस्त्यानं खाली सोडल्या आणि हा खेळ जन्माला घातला. पण त्या सायकलींच्या मागच्या हबमधलं ग्रीस एका उतारात जळून जायचं आणि प्रत्येक फेरीनंतर हब उघडून पुन्हा भरावं लागायचं. म्हणून तर त्यांच्यातल्या जो ब्रीझनं वर्ष-दोन वर्षांत या कामासाठी मुद्दाम नवी फ्रेम बांधली. ‘कुठलीही चालते’ हे सगळ्यांत आधी त्यांनीच सोडून दिलं.

पंधरा-वीस हजारांची, दिसायला डोंगरी सायकल घेऊन शर्यतीला जाऊ नये, हे मी स्पष्ट सांगतो. तिच्या फोर्कमध्ये नुसती स्प्रिंग असते, दबली की तशीच उसळी मारते, उतारावर हँडल हातातून उडवते. मागे स्क्रूनं बसणारं फ्रीव्हील असेल तर ॲक्सलचा आधार आत सरकलेला असतो आणि खडकावरच्या दणक्यांनी तो वाकतो किंवा तुटतो. खालची रेघ अशी: हवेवर चालणारा शंभर ते एकशेवीस मिलिमीटरचा फोर्क, त्याला परतीचा वेग कमीजास्त करायचा खटका, कॅसेट बसणारा फ्रीहब, हायड्रॉलिक डिस्क, २.४चा टायर मावेल एवढी जागा आणि जमल्यास थ्रू ॲक्सल. ॲल्युमिनियमची अशी हार्डटेल लाख-सव्वा लाखाच्या आसपास मिळते. तेवढ्याच तोलाच्या सुट्या भागांची फुल सस्पेन्शन दुपटी-अडीचपटीच्या घरात जाते. परदेशी सायकलींवरचं आयात शुल्क २०२३च्या अर्थसंकल्पात ३० वरून ३५ टक्के झालं. २०२५च्या सप्टेंबरात जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्यानं थोडा हात सैल झाला, पण ही दरी त्यानं बुजत नाही. रक्कम लहान नाही, लाखभर रुपये आमच्याकडे कर्ज काढूनच येतात. म्हणून तर ती दुप्पट करायला लावणाऱ्यांनी चार वेळा विचार करावा.

मापाबद्दल मला राग आहे तो सांगतो. ओळखीतल्या एका मुलीला मोठ्या शहरातल्या एका दुकानानं मोठ्या मापाची फ्रेम गळ्यात मारली, कारण तीच शिल्लक होती. ‘सीट पुढे घेतली की बसेल’ असं सांगितलं. सीट पुढे घेतल्यानं हात पोचतात, पण गुडघा पायडलच्या फार पुढे येतो आणि तो दुखतो. तिनं ते दुखणं सोसलं आणि आपलाच पाय कमजोर असं समजून सराव सोडला. अशा सायकलला मागेपुढे सोन्याचे शॉक लावले तरी उपयोग नाही. उंची कमी असेल तर क्रँकची लांबीही विचारा; १७५ मिलिमीटरऐवजी १७० किंवा १६५ बरी. दुकानात उभी असलेली सायकल घेऊ नका, आपल्या मापाची येईपर्यंत थांबा.

‘पण कोकणात डोंगर कुठे आहेत?’ हा प्रश्नही सल्ला देणाऱ्या मंडळींचाच. आंबोली साधारण ६९० मीटर उंचीवर आहे, आणि सावंतवाडीकडून निघालं तर जवळजवळ समुद्रसपाटीपासून तेवढा चढ मिळतो. तीनदा चढला की केप एपिकच्या एका दिवसाचा चढ झाला. करूळ, भुईबावडा, फोंडा हे घाट आहेत. रांगणा गडाच्या पायथ्याला नारूरकडे, मनोहर-मनसंतोष गडाखाली शिवापुराकडे जाणाऱ्या कच्च्या वाटा आहेत. मालवण तालुक्यात धामापूरच्या तळ्याभोवतालच्या रानात मुळांनी भरलेली वाट आहे, आणि किनाऱ्याच्या मागे मैलोन्‌मैल कातळसडे. घाटीच्या पाखाड्यांवर ताठ मागच्या चाकानं वर-खाली करून आलेल्या माणसाला वाट वाचायला येते, कुठे उभं राहायचं, कुठे वजन मागे न्यायचं हे अंगात भिनतं. हार्डटेल हे शिकवते कारण ती चूक लपवत नाही.

सड्यावर जाताना मळलेली वाट सोडू नये. पावसाळ्यानंतर तिथल्या डबक्यांत आणि भेगांत जी फुलं येतात त्यांतली काही दुसरीकडे नाहीत, आणि कुडोपीसारख्या ठिकाणी तर कातळावर कोरलेली चित्रं आहेत, युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलेली. त्यांच्यावरून टायर नेणाऱ्याला माफी नाही. तसंच तारकर्लीच्या पुळणीवर लाटेच्या कडेनं सायकल पळवण्याचे फोटो काढायचा मोह टाळा. एका फोटोपायी हब, चेन आणि रोटरच्या बोल्टांत मीठ जातं.

वाचलेल्या पैशाचं काय करायचं, इथे माझा सगळा वाद येऊन थांबतो. जलोरीच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण सत्तर टक्के असतो. मालवणचा माणूस शून्यावरून थेट तिथे जातो. त्याला पहिल्या तीन दिवसांत जी धाप लागते, डोकं धरतं, भूक मरते, त्यावर जगातला कोणताही मागचा शॉक उपाय नाही. उपाय एकच, आठवडाभर आधी जाऊन वर राहणं. त्याला राहण्या-जेवणाचा खर्च आहे, रजा आहे, बुडालेली मजुरी आहे. दोन सायकलींच्या किमतीतल्या फरकात हे सगळं बसतं आणि उरतंही. त्या उरलेल्यात टायरचा दुसरा जोड, पॅडचे तीन जोड, आपल्याच फ्रेमचे दोन डिरेलर हँगर (ते प्रत्येक फ्रेमचे वेगळे असतात, शिमल्यात शोधू नका), क्विक लिंक, आणि फोर्क उघडायची हत्यारं. पुढच्या वर्षाची प्रवेश फीही त्यातूनच.

म्हणून सल्ला देणाऱ्यांना माझी विनंती आहे. समोरच्या मुलाला कुठली सायकल घेतोस हे विचारण्याआधी, ती दुरुस्त कुठे करशील, किती दिवस आधी वर जाशील आणि तुझं माप काय, हे तीन प्रश्न विचारा. सायकल घेणाऱ्यांना एवढंच सांगतो: घ्यायचीच तर मे महिन्यात घ्या. जून ते सप्टेंबर ती इथल्या पावसात, चिखलात आणि खाऱ्या हवेत रोज बाहेर काढा, स्वतःच्या हातानं उघडा, धुवा, बसवा. जे मोडायचं ते इथे मोडेल, आणि शर्यतीला निघताना पिशवीत नेमकं काय घ्यायचं हे तुम्हाला कळलेलं असेल.